सुमात्रापीडीएफवर आठ महिने: हिशोबपट्ट्या मुकाट छापणारा गडी

नाशिककडच्या एका कांदा आडतीच्या गाळ्याचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. त्यात छपाईला सुमात्रापीडीएफ हा विंडोजवरचा पीडीएफ रीडर वापरतो. लिलाव झाला, माल तोलला, की शेतकऱ्याच्या हातात हिशोबपट्टी पडायला हवी: वजन, भाव, हमाली, तोलाई, निव्वळ रक्कम. बटण दाबलं की कागद. मधे ‘कुठल्या प्रिंटरवर?’ विचारणारी खिडकी नको, कारण काउंटरवरच्या पोराला तेवढी उसंत नसते आणि पिकअपवाला बाहेर हॉर्न वाजवत असतो.

पूर्वी डॉट मॅट्रिक्सवर इंग्रजीत छापायचो. मालकांनी मराठी पट्टी मागितली आणि खरी मजा सुरू झाली. पहिल्या पीडीएफ लायब्ररीला अक्षरजुळणी येत नव्हती. ‘हिशोब’मधली वेलांटी ‘ह’च्या मागे जाऊन बसायची. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवलेली असते, दिसायला मात्र आधी हवी. शेवटी क्रोम ब्राउझर बिनखिडकीचं चालवून एचटीएमएलची पीडीएफ करायला लागलो आणि तो प्रश्न मिटला. उरलं छापणं. आधीचा रीडर छापून झाल्यावरही उघडाच राहायचा. संध्याकाळी टास्कबारवर त्याच्या खिडक्यांची जत्रा.

म्हणून सुमात्रा. २००६ पासून चालू, फुकट, मुक्तस्रोत, इन्स्टॉल न करताही चालणारं. हुकूम कमांड लाइनवरून: ‘प्रिंट-टू’ला प्रिंटरचं नाव द्यायचं, ‘प्रिंट-सेटिंग्ज’मध्ये कागद आणि प्रती, सोबत ‘सायलेंट’. छापतं आणि निघून जातं. आमची पट्टी छापील चौकटीच्या ए-फाइव्ह कागदावर असते. सेटिंगमध्ये काही न सांगितल्यास सुमात्रा पान छपाईच्या हद्दीत बसवायला किंचित आवळतं, त्यामुळे आकडे रकान्याच्या रेषेवर चढत होते. ‘नोस्केल’ (आकार बदलू नको) लिहिलं आणि सरळ झाले. एवढ्या एका शब्दासाठी मी दोन दिवस पानाची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएसमधले समास खालीवर करत होतो, हे कुणाला सांगू नका.

सुमात्रा पानाचं चित्र करून विंडोजकडे देतं, त्यामुळे स्पूल फाइल (छपाईच्या रांगेत थांबणारी) फुगते आणि जुन्या लेझरवर पहिलं पान यायला जरा वेळ लागतो. पण जोडाक्षरं प्रिंटरच्या मर्जीवर राहत नाहीत. मला हा सौदा मान्य आहे.

घोळ माझ्याच हातून झाले. पट्टीच्या फाइली साचू नयेत म्हणून छपाईचा हुकूम सोडताच फाइल पुसत होतो. सुमात्राने ती वाचायच्या आत. आता प्रोसेस संपेपर्यंत थांबतो. दुसरं, हे सगळं पडद्यामागे चालणाऱ्या विंडोज सर्व्हिसमधून, लोकलसिस्टम या विंडोजच्या स्वतःच्या खात्यावर चालवलं. नेटवर्कवरचा शेअर केलेला प्रिंटर वापरणाऱ्याच्या खात्याला जोडलेला असतो, सर्व्हिसला तो दिसतच नाही. टीसीपी/आयपी पोर्टने, म्हणजे थेट त्याच्या नेटवर्क पत्त्याने, प्रिंटर अख्ख्या मशीनला जोडला तेव्हा कागद हलला.

तिसरा जास्त जिव्हारी लागला. कुणीतरी यूएसबी केबल दुसऱ्या पोर्टात खोचली. विंडोजने त्याच प्रिंटरला ‘कॉपी १’ असं शेपूट लावून नवा नोंदवला आणि माझा प्रोग्राम जुन्याच नावाने हाका मारत बसला. ‘सायलेंट’ असल्यामुळे चूक झाल्याचा संदेशही नाही. ऐन आवकेच्या सकाळी तासभर पट्ट्या हाताने लिहिल्या. सुमात्रा बंद होताना शून्याऐवजी (शून्य म्हणजे चूक नाही) दुसरा कोड देत होतं, मीच तो बघत नव्हतो. आता बघतो, आणि पडद्यावर लाल पट्टी येते.

तरी शून्य म्हणजे ‘कागद बाहेर आला’ नव्हे, विंडोजची छपाईची रांग सांभाळणाऱ्या स्पूलरने काम घेतलं इतकंच. ट्रे रिकामा असेल तर सुमात्राला त्याचा पत्ता नसतो. त्यासाठी मी स्पूलरची रांग दर पाच सेकंदांनी वेगळी तपासतो.

एका गाळ्यावर दोन-तीन प्रिंटर असतील तर डोळे झाकून घ्या. लिनक्स सर्व्हरवाल्यांनी इकडे वळूच नये, तिथल्या कप्स या छपाई व्यवस्थेचा ‘एलपी’ हुकूम आहेच. पुढच्या हंगामात शेजारच्या गाळ्यावरही हेच बसवतोय, प्रिंटरच्या केबलला चिकटपट्टी लावून.