साखरवाल्याची शॅलॉट की साबणवाल्याचा मर्लिन?

आर्थर राजाच्या आख्यायिकांवरची चित्रं पाहायची आहेत, पण इंग्लंडच्या मुक्कामात मोकळा दिवस एकच आहे. अशा वेळी माझ्या मते निवड दोन चित्रांवर येऊन ठेपते. जॉन विल्यम वॉटरहाउसचं ‘द लेडी ऑफ शॅलॉट’ (1888) लंडनच्या टेट ब्रिटन या कलादालनात आहे. एडवर्ड बर्न-जोन्सचं ‘द बिगायलिंग ऑफ मर्लिन’ (1872–77) लिव्हरपूलजवळ पोर्ट सनलाइटला, लेडी लिव्हर आर्ट गॅलरीत. पहिलं साखरसम्राट हेन्री टेटने (आपल्याकडचे साखरसम्राट वेगळे) देशाला दिलेलं. दुसऱ्याची गॅलरी सनलाइट साबणवाल्या विल्यम लिव्हरने पत्नीच्या स्मरणार्थ बांधलेली. दोन्हीकडे कायमचा संग्रह फुकट पाहता येतो, त्यामुळे प्रश्न पैशांचा नाही, वेळेचा आहे.

टेट सोपं. पिम्लिको स्टेशनला उतरायचं आणि चालत जायचं. पोर्ट सनलाइटसाठी मात्र लंडनहून लिव्हरपूलपर्यंत दोन तासांहून जास्त रेल्वे, पुढे लोकल. दिवस त्यातच जातो.

आता चित्रं. शॅलॉटच्या बाईला शाप आहे: जग आरशातच बघायचं आणि विणत बसायचं. आर्थरचा सरदार लान्सलॉट याला पाहायला ती थेट खिडकीशी जाते, आरसा तडकतो, आणि ती होडीत बसून आर्थरच्या राजधानीकडे, कॅमलॉटकडे, म्हणजे मरणाकडे निघते. ही गोष्ट इंग्रज कवी टेनिसनच्या कवितेतली; ती वाचली नसली तरी अडत नाही. होडीच्या टोकाशी तीन मेणबत्त्या आहेत, त्यातली एकच जळतेय. विणलेलं वस्त्र काठावरून पाण्यात लोळतंय. साखळी तिच्या हातातून सुटण्याच्या बेतात आहे. वॉटरहाउस सगळं सांगून टाकतो. सुमारे पाच फूट उंच आणि साडेसहा फूट रुंद चित्रासमोर उभं राहिलं की लव्हाळ्यांचा ओला, हिरवा-तपकिरी रंग छापील प्रतीपेक्षा कितीतरी मोकळ्या हाताने लावलेला दिसतो.

मर्लिनचं तसं नाही. तिथे काही घडतच नाही, जे घडायचं ते घडून गेलंय. निम्यू नावाच्या तरुणीवर भुललेल्या मर्लिनने, आर्थरच्या जादूगाराने, तिला जादू शिकवली आणि तिने तीच त्याच्यावर चालवली. गुरूची विद्या गुरूला, ती इतक्या थंडपणे परत केलेली मी दुसऱ्या कुठल्या चित्रात पाहिली नाही. फुललेल्या काटेरी झुडपात मर्लिन निपचित पडलाय, हात लुळे, नजर तिच्यावर. ती मंत्राची पोथी उघडी धरून मान वळवून त्याच्याकडे पाहतेय, केसांत साप. चित्र उभं, सहा फुटांहून किंचित जास्त, आणि दोघं त्या चौकटीत दाटीने कोंबलेली. बर्न-जोन्सचे चेहरे मला एरवी फार एकसारखे वाटतात, पण इथे नाही.

सोबत मुलं असतील किंवा या गोष्टी नव्याच असतील, तर टेट. आर्थरकथा ठाऊक असतील आणि लंडन आधी पाहून झालं असेल, तर मी पोर्ट सनलाइटच सुचवेन: शॅलॉट पोस्टरवरही बरीचशी पोचते, मर्लिनच्या झुडपातली पांढरी फुलं मात्र छपाईत मळकट होतात. निघण्याआधी गॅलरीच्या संकेतस्थळावर चित्र जागेवर आहे ना, ते पाहा. अशी चित्रं प्रदर्शनांसाठी परगावी जात असतात.