गावची शाळा की तालुक्याचं कॉन्व्हेंट? आठवडाभराच्या अभ्यासावरून तुलना

मार्च-एप्रिल आला की यवतमाळ-वाशिमकडच्या गावांत शाळांची पत्रकं आणि व्हॅनवाल्यांच्या फेऱ्या सुरू होतात. ज्यांचं लेकरू ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षांचं होणार, त्या घरात मग एकच विषय असतो: गावातल्या जिल्हा परिषदेत ठेवायचं की तालुक्याच्या कॉन्व्हेंटात टाकायचं. (आपल्याकडे इंग्रजी पाटी लागलेली कुठलीही खाजगी शाळा कॉन्व्हेंटच.) चर्चा होते ती टाय-बुटाची, फीची आणि शेजारच्या पोराची. सोमवार ते शनिवार वर्गात नेमकं काय शिकवतात, हे फारसं कोणी विचारत नाही. इथे मुख्यतः तेच बघू. माझा कल आधीच सांगून टाकतो. गावच्या शाळेत दोन शिक्षक खरोखर हजर राहत असतील, तर चौथीपर्यंत लेकरू तिथेच ठेवावं. एकावरच कारभार चालत असेल, तर मी व्हॅनचा विचार करीन.

वाचन आणि इंग्रजी

जिल्हा परिषदेच्या पहिलीत आता अ-आ-इपासून सुरुवात होत नाही. अक्षरांचे छोटे गट घेतात, त्यांच्यापासून लगेच शब्द बनवतात, मग काना, वेलांटी, मात्रा. बाराखडीची चौदाखडी झाली आहे, कारण बॅट आणि बॉलचे उच्चार तिच्यात आले. चांगल्या शिक्षकाकडे दिवाळीपर्यंत लेकरू बिनमात्रेचे शब्द स्वतः जुळवून वाचतं. 'मले', 'तुले' म्हणणाऱ्या पोराला पुस्तकातली मराठी थोडी परकी वाटते, पण अर्थ लागतो. आणि अर्थ लागला की वाचन पुढे सरकतं.

कॉन्व्हेंटात चित्र वेगळं असतं. नर्सरी, केजी वन, केजी टू अशी तीन वर्षं काढून आलेलं लेकरू पहिलीत वळणदार इंग्रजी लिहितं. आठवड्याला स्पेलिंगची यादी, फळ्यावरून उतरवलेली प्रश्नोत्तरं, डायरीत गृहपाठ. वही पाहून आईबापाचं मन भरतं. मला त्या वहीवर फारसा भरवसा नाही. लेकरापुढे न शिकवलेलं पान उघडा आणि वाचायला सांगा. पाठ केलेलं आणि वाचता येणारं यांतला फरक दोन मिनिटांत कळतो. वाचलंच, तर पुढचा प्रश्न मराठीत विचारा: यात काय झालं ते सांग. बरीच पोरं इथे अडकतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो. घरी, वावरात, दुकानात इंग्रजी कानावर पडतच नाही, तर अर्थ येणार कुठून?

तरीही इंग्रजीच्या बाबतीत कॉन्व्हेंटला एक गुण द्यावाच लागेल. मॅडम वर्गात खरोखर इंग्रजीत बोलत असतील, तर दोन-तीन वर्षांत लेकराचा कान तयार होतो. जिल्हा परिषदेत इंग्रजी विषय २००० सालापासून पहिलीतच सुरू झाला, गाणी आणि सूचनाही घेतात, पण दिवसातून एखादा तास. तेवढ्यात बोलणं येत नाही. मात्र कित्येक कॉन्व्हेंटांत लिहिणं इंग्रजीत आणि समजावणं मराठीत चालतं. मग फी कशाची भरतो, हे एकदा स्वतःला विचारावं. शाळा पाहायला गेलात की वर्गाच्या दाराशी पाच मिनिटं उभं राहून फक्त ऐका. मराठीचं म्हणाल, तर २०२० च्या कायद्याने ती कुठल्याही माध्यमाच्या शाळेला शिकवावीच लागते. आठवड्याला किती तास, ते वेळापत्रकात पाहून घ्या.

बंजाऱ्यांचा तांडा, कोलामांची वस्ती म्हणजे पोड किंवा मेळघाटातलं गाव असेल तर हा हिशोब बदलतो. बंजारा, कोलाम, कोरकू घरांतल्या लेकराला मराठीसुद्धा शाळेतच भेटते. तिथे माध्यमापेक्षा मोठा प्रश्न असा, की पहिलीच्या शिक्षकाला घरची भाषा थोडी तरी येते का. येत असेल, तर त्या शाळेचं पारडं जड.

गणित

पानांच्या हिशोबात कॉन्व्हेंट पुढे दिसतं. जिल्हा परिषदेत दुसरीत शंभरपर्यंतच्या संख्या आणि तिसरीत हजाराच्या आतली बेरीज-वजाबाकी येते. कॉन्व्हेंटात केजी टूलाच शंभरपर्यंत लिहून घेतात. पण हातचा म्हणजे काय, हे काड्यांच्या गठ्ठ्यांशिवाय लेकराला उमगत नाही. दहा सुट्या काड्या बांधल्या की एक दशक. वजाबाकीत गठ्ठा सोडावा लागतो, तेव्हा हातचा हाताला लागतो. हे काम जिल्हा परिषदेच्या चांगल्या वर्गात रोज चालतं. कॉन्व्हेंटात गठ्ठे मला क्वचितच दिसले. तिथे वर्कबुकचं पान भरण्याची घाई जास्त.

मराठीत मोजताना एक खरी अडचण आहे. पंचवीस म्हणताना पाच आधी ऐकू येतात, लिहायचे मात्र नंतर. त्यामुळे लेकरू ५२ लिहून मोकळं होतं. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' अशी जोड दिली गेली, तेव्हा राज्यभर गदारोळ झाला होता. कल्पना वाईट नव्हती, असं माझं मत आजही आहे. इंग्रजीतून शिकणाऱ्या पोराला हा त्रास नाही. त्याचा त्रास किराणा दुकानात सुरू होतो, दुकानदार 'सत्तावन्न झाले' म्हणाला की.

मधला रस्ता सेमी-इंग्रजीचा. बाकी विषय मराठीत, गणित इंग्रजीतून. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत तो पहिलीपासून आहे. तुमच्या गावात असेल, तर निम्मं भांडण तिथेच मिटतं.

परिसर अभ्यास

यात गावची शाळा सरळ पुढे. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक आजवर प्रत्येक जिल्ह्यासाठी वेगळं निघत आलं आहे: आपले तालुके, आपल्या नद्या, आपली पिकं. चौथीत शिवछत्रपती. कॉन्व्हेंटात खाजगी प्रकाशनाचं पुस्तक असेल, तर त्यात बहुधा सगळ्या देशासाठी एकच परिसर असतो. वर्धा-पैनगंगा शोधून सापडायची नाही.

आठवडा पूर्ण होतो का?

वरचं सगळं तेव्हाच खरं, जेव्हा शिक्षक वर्गात असतो. शिक्षण हक्क कायद्याने ६० मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. म्हणजे पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत. गुरुजी तिसरीला शिकवतात तेव्हा चौथी आपापलं लिहीत बसते. हे वाईटच असतं असं नाही. तिसरीतलं हुशार पोरगं चौथीचं ऐकून पुढे जातं. पण दोघांपैकी एक जण प्रशिक्षणाला, दुसरा मतदारयादीच्या कामाला, असं झालं की चारही वर्ग एका खोलीत येतात आणि त्या दिवशी फक्त हजेरी होते. निवडणूक आणि जनगणना ही कामं कायद्यानेच शिक्षकांना लावता येतात, म्हणून सगळा राग गुरुजींवर काढू नये. पण लेकराचा आठवडा बुडतो तो बुडतोच. कॉन्व्हेंटचं वेळापत्रक याबाबतीत पक्कं असतं. मॅडम दरवर्षी बदलतात, ही तिथली दुखरी बाजू.

शनिवारचा फरक ऐकून काही पालक नाक मुरडतात. २०२४ मध्ये सरकारने पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' आणला. दप्तराऐवजी खेळ, हस्तकला, गोष्टी. 'पोरं नुसती हुंदडतात,' असं लोक म्हणतात. सातव्या वर्षी हुंदडायचं नाही तर केव्हा?

आता व्हॅन. पहिली ते पाचवीसाठी कायद्याने वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं अपेक्षित आहे. व्हॅन गावोगाव फिरत जायला एक तास, यायला एक तास घेत असेल, तर वर्षाचे ४०० तास रस्त्यावर गेले. शिकवण्याच्या निम्मे. त्या तासांत गावातलं पोरगं विटीदांडू खेळतं किंवा झोपतं, दोन्ही चांगलंच.

पैशांचं थोडक्यात. जिल्हा परिषदेत पुस्तकं आणि दुपारचा पोषण आहार मोफत. कॉन्व्हेंटात फीखेरीज पुस्तकांचा सेट, गणवेश, गाडी, गॅदरिंग हे सगळं एका कागदावर लिहून मागा. आणि शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला क्रमांक, विचारा. तो सांगताना कोणी अडखळलं, तर तिथून निघा.

पाचवीचा विचार आत्ताच

जवाहर नवोदय विद्यालय, म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा, डोक्यात असेल तर एक नियम लक्षात ठेवा. सहावीच्या प्रवेशाची परीक्षा पाचवीत होते आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. पण ग्रामीण ठरायला तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत पूर्ण व्हावी लागतात. घर गावात आणि शाळा नगरपरिषदेच्या हद्दीत, तर तुमचं लेकरू शहरी धरलं जातं. व्हॅनवाल्याच्या पत्रकात हे लिहिलेलं नसतं. पेपर मराठीतही देता येतो; ८० प्रश्नांपैकी ४० बुद्धिमत्तेचे, २० गणिताचे, २० भाषेचे.

घरच्या घरी पडताळा

'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीत ग्रामीण मुलांना घरी जाऊन साधीच कामं देतात: दुसरीच्या पातळीचा उतारा वाचणं, हातच्याची वजाबाकी, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं. तुम्हीही करा. आपल्या आळीतली गावच्या शाळेतली दोन आणि व्हॅनने जाणारी दोन, चौथीतली चार पोरं संध्याकाळी ओट्यावर बसवा. वाचायला सगळ्यांना दुसरीचा धडा द्या, गावच्या शाळेतल्यांना मराठीचा, व्हॅनने जाणाऱ्यांना इंग्रजीचा, आणि अर्थ सगळ्यांना विचारा. चौथीतल्या पोरांना हे जमायलाच हवं. ज्या शाळेच्या पोरांना जमत नाही, तिची इमारत कितीही रंगवलेली असो, माझ्या लेखी ती बाद.

हे जूनवर ढकलू नका. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी राज्यापेक्षा आठवडाभर किंवा त्याहूनही उशिरा उघडतात, आणि कॉन्व्हेंटवाले तोवर प्रवेश फी घेऊन बसलेले असतात. दोन्ही वर्ग चालू असताना पाहायचे तर एप्रिलची सकाळची शाळा सुटण्याआधी, मधल्याच एखाद्या बुधवारी, न सांगता जा.