लॉकवाला गोळ्यांचा डबा: झाकण एक नंबर, पत्रक कचऱ्यात

आईच्या रोजच्या गोळ्यांसाठी घेतला हा डबा. सात दिवसांचे सकाळ-संध्याकाळ असे चौदा कप्पे, शेजारी जादाच्या गोळ्यांसाठी दोन मोठे कप्पे आणि सगळ्यावर एकच झाकण, दाबून धरायचं आणि मग फिरवायचं. आई हे निमित्त, खरं कारण बहिणीचा साडेतीन वर्षांचा मुलगा, तो आला की घरात बंद असं काही राहतच नाही. दोन महिने वापरतोय, म्हणून आता लिहितो.

झाकणाला पूर्ण मार्क. रिकामा डबा भाच्याच्या हातात दिला, त्याने ओढला, आपटला, शेवटी दात लावले, नाही उघडला. हसू नका, अमेरिकेत अशा झाकणांची अधिकृत टेस्ट साधारण अशीच होते, 42 ते 51 महिन्यांच्या मुलांना पाच मिनिटं देतात, मग एकदा उघडून दाखवतात, वर हवं तर दात वापरा असंही सांगतात आणि परत पाच मिनिटं. दाखवण्याआधी निदान 85 टक्के मुलांना उघडता आलं नाही पाहिजे. म्हणजे उरलेल्यांनी उघडलं तरी झाकण पासच, त्यामुळे बॉक्सवर 'चाइल्डप्रूफ' छापलंय ती थाप आहे, डबा उंचावरच ठेवा. अशी झाकणं सक्तीची करणारा तिथला कायदा 1970चा. त्याआधी लहान मुलांची एस्पिरिन गोड, संत्र्याच्या चवीची यायची, पोरं खाऊ समजून बाटलीच संपवायची, त्यामुळे 1972ला कायद्याखाली आलेल्या पहिल्या औषधांत एस्पिरिन होती. आणि याच टेस्टमध्ये 50 ते 70 वयाच्या लोकांना झाकण उघडता आलंच पाहिजे अशीही अट आहे, ती मला जास्त पटते, कारण म्हाताऱ्या माणसाला उघडेना की तो झाकण नुसतं वर ठेवून देतो आणि मग कसलं लॉक. आईची बोटं सांधेदुखीने आखडलीत, तिला दोन दिवस लागले, आता जमतं.

आता तक्रार. कप्पे एवढे बारके की गोळ्या स्ट्रिपमधून सोडवूनच भराव्या लागतात, आणि मोठ्या कप्प्यात तर महिन्याभराच्या सुट्ट्या गोळ्या ओता असं सांगितलंय! एकतर नाव-तारीख गेली, पांढरी गोळी कुठली हे आठ दिवसांनी आईलाही सांगता येईना. दुसरं म्हणजे एकेक गोळी फोडून काढायला लागते ना, तो कंटाळाच जास्त गोळ्या घेऊ पाहणाऱ्या माणसाला वाचवतो. ब्रिटनने 1998मध्ये पॅरासिटामॉलची पाकिटं लहान केली, साध्या दुकानात जास्तीत जास्त 16 गोळ्यांचं आणि फार्मसीत 32चं, बाकी काही नाही. पुढच्या 11 वर्षांत इंग्लंड-वेल्समध्ये पॅरासिटामॉलच्या ओव्हरडोसने जाणारी माणसं अपेक्षेपेक्षा सुमारे 43 टक्क्यांनी कमी झाली. ना नवं औषध ना मशीन. मनात वाईट विचार आलेला माणूस घरात जे असेल ते उचलतो, घरात कमी असेल तर कमी जातं पोटात, आणि तो क्षण बऱ्याचदा टळतो. आणि हा डबा म्हणतो सगळं एकत्र ओता.

पण डोकं फिरलं ते डब्यासोबतचं पत्रक वाचून. 'चुकून जास्त गोळ्या गिळल्यास मिठाचं पाणी पाजून उलटी करवावी, त्रास जाणवल्यास डॉक्टरांकडे न्यावे.' अरे कुठल्या जमान्यात आहात? मिठाच्या पाण्याने रक्तातलं सोडियम वाढून माणसं दगावलेली आहेत. उलटीसाठी इपिकॅक नावाचं सिरप अमेरिकेत कित्येक वर्षं घराघरात ठेवायला सांगायचे, त्याने माणूस वाचतो असं काही सिद्ध होईना, म्हणून 2003मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेच सांगितलं की घरात ठेवू नका. झोपेच्या गोळ्यांचंही तेच, बार्बिट्युरेट नावाच्या जुन्या झोपेच्या गोळ्या जास्त घेतलेल्या पेशंटला पूर्वी उत्तेजक औषधं टोचून जागं करायचा खटाटोप चालायचा, तो 1940च्या दशकाच्या शेवटी कोपनहेगनमध्ये क्लेमेसेन नावाच्या डॉक्टरांनी बंद केला आणि नुसता श्वास मोकळा ठेवणं, ऑक्सिजन, रक्तदाब याच्याकडे नीट लक्ष दिलं, तर मृत्यू 20 टक्क्यांच्या आसपास होते ते एक-दोन टक्क्यांवर आले. खटाटोप थांबवला म्हणून माणसं जगली, आणि इथे पत्रकवाले आपल्याला खटाटोपच करायला सांगतायत.

आणि 'त्रास जाणवल्यास' हे तर त्याहून घातक. पॅरासिटामॉल जास्त गेलं की पहिल्या दिवशी थोडी मळमळ, कधी तेवढंही नाही, माणूस बोलतोय, फिरतोय, आणि आत यकृतातला ग्लुटाथिओनचा, म्हणजे विष निकामी करणाऱ्या पदार्थाचा, साठा संपत आलेला असतो, तो संपला की औषधापासून तयार होणारा विषारी पदार्थ यकृताच्या पेशी मारायला लागतो. यावर एसिटिलसिस्टीन हा चांगला उतारा 1970च्या दशकापासून माहितीये, पण तो साधारण आठ तासांच्या आत मिळाला तरच जवळपास पूर्ण बचाव. त्रास जाणवायची वाट बघत बसलात तर ती वेळ गेलीच.

कंपनीला मेल केला, 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभार' एवढंच उत्तर आलं. पाचपैकी तीन स्टार, तिन्ही झाकणाचे. डबा परत नाही केला, पत्रक फाडलं आणि झाकणाच्या आत विषबाधा हेल्पलाइनचा नंबर चिकटवला. स्ट्रिप कात्रीने कापून नावाच्या बाजूसकट दोन मोठ्या कप्प्यांत ठेवतो, बारक्या चौदांत आईने शिवणाची बटणं भरलीयत.