216 भरून घ्यावं की 235 बसवावं? 1950च्या शेव्हरोलेपुरतं बोलतो

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या माझ्या एका स्नेह्यांकडे आजोबांच्या वेळची 1950ची शेव्हरोले आहे. इंजिन खोलून ठेवलंय आणि घरात दोन तट पडलेत. काकांना जुनंच 216 घनइंचांचं इंजिन भरून, म्हणजे झिजलेले भाग दुरुस्त करून, घ्यायचंय, पुतण्याला मोठं 235 घनइंचांचं बसवायचंय. माझ्याकडेही त्याच सालची गाडी आहे आणि दोन्ही इंजिनं मी चालवलीत, म्हणून लिहितो.

दोन्ही सहा सिलिंडरचीच, दिसायला सख्खी भावंडं. 216 साडेतीन लिटरचं, 92 हॉर्सपॉवरचं. 1954चं 235 म्हणजे 3.85 लिटर आणि 115 हॉर्सपॉवर. पण ताकदीपेक्षा मोठा फरक तेलाचा आहे. 216मध्ये कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला पळीसारखा डिपर असतो. रॉड फिरताना तो पन्हळीतलं तेल उचलतो आणि व्हाइट मेटलच्या, म्हणजे मऊ धातू ओतून केलेल्या, बेअरिंगला पाजतो. 235मध्ये तयार मिळणारी, बदलता येणारी शेल बेअरिंग असतात आणि पंपाच्या दाबानं तेल थेट रॉडपर्यंत पोचतं.

सुरसागरला फेरी मारायची, रविवारी सयाजीबागेपर्यंत जायचं, एवढ्यासाठी 216ला तोड नाही. हळू चालीत इतकं गुळगुळीत फिरतं की सिग्नलला इंजिन बंद पडलं की काय असं वाटतं. लांब पल्ल्याला मात्र त्याचा जीव जातो. मेमध्ये अहमदाबादहून एक्सप्रेसवेनं परतताना मी ताशी 90 धरला होता. 4.11च्या डिफरन्शियलवर (टॉप गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे 4.11 फेरे) ते मिनिटाला सुमारे 2800 फेरे होतात. आणंद मागे पडलं आणि खालून टकटक सुरू झाली. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की आणखी मोठ्यानं. घरी इंजिनाखालचा तेलाचा चेंबर उतरवला, तर एका रॉडचं व्हाइट मेटल तळाशी राखाडी चकत्या होऊन पडलं होतं. ते ओतून, खरवडून, शिम (पातळ पत्र्या) काढत बरोब्बर बसवणारा हात आता शोधावा लागतो. असा मिस्त्री तुमच्या माहितीत असेल तर अर्धा निर्णय तिथेच झाला.

235 घ्यायचं तर साल बघून घ्या. 1953पर्यंतच्या काही 235मध्येही डिपरच आहेत. 1954पासून सगळी दाबाच्या तेलाची. 1954चं इंजिन सगळ्यात कमी त्रासात बसतं. 1955 आणि पुढच्यांत वॉटर पंप उंच आहे, पंखा रेडिएटरला लागतो, त्यामुळे जुना पंप जोडायला पट्टी करावी लागते. फ्लायव्हील आणि बेल हाउसिंग (त्यावरचं आवरण) आपल्याच गाडीचं ठेवा, म्हणजे 6 व्होल्टचा स्टार्टर जुळतो. शक्य असेल तर पॉवरग्लाइड (ऑटोमॅटिक गिअरच्या) गाडीचा 3.55चा डिफरन्शियलही टाका. त्याच 90ला फेरे 2400च्या आसपास येतात.

ट्रकचं 261 कुणी सुचवेल. ताकद भरपूर आहे, पण सुटे भाग मिळवणं 235पेक्षा अवघड. मी त्या वाटेला जाणार नाही.

आता कागदपत्रं. 2021च्या केंद्रीय नियमानुसार 50 वर्षांपेक्षा जुन्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळतो, पण गाडी मूळ रूपात हवी. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, आणि अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. जानेवारी 2023मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसला 21 गन सॅल्यूटचा कॉन्कोर्स (जुन्या गाड्यांचं स्पर्धा-प्रदर्शन) झाला, तशा मैदानात उभं राहायचं असेल तर मूळ इंजिन हवंच.

म्हणून काकांना आणि पुतण्याला एकच विचारलं: क्रँक आणि ब्लॉक धड आहे का? ब्लॉकला तडा नसेल आणि गाडी गावातच फिरणार असेल तर 216 भरा, मला तेच जास्त आवडेल. पावागडची माची चढायची, वर्षातून दोनदा अहमदाबाद करायचं असेल तर 1954चं 235. तेव्हाही जुनं इंजिन भंगारात देऊ नका. सिलिंडरमध्ये तेल सोडा, प्लग लावा, लाकडी घोडीवर ठेवा आणि महिन्यातून एकदा क्रँक हातानं अर्धा फेरा फिरवा. ब्लॉकवर ठोकलेला नंबर आजोबांच्या आरसीवर आहे.