ओआर-टूल्स आणि वहिनीचे ३८ डबे

पुण्यात कर्वेनगरला वहिनी जेवणाचे ३८ डबे भरते, दादा स्कूटरवरून पोचवतो. कोणतं घर आधी, कोणतं नंतर, हे तो पिठाच्या रिकाम्या पिशवीवर लिहायचा. म्हटलं, कमी अंतराची फेरी शोधून देणारी गूगलची ओआर-टूल्स ही सॉफ्टवेअर लायब्ररी फुकट आहे, वापरून बघू.

पहिली संध्याकाळ माझ्याच वेंधळेपणात गेली. लायब्ररीला अंतरं पूर्णांकात लागतात. मी किलोमीटर घेतले आणि दशांश छाटले. ६०० मीटरवरची घरं शून्य अंतरावर येऊन बसली! मीटरमध्ये दिल्यावर गाडी रुळावर आली.

मग दादाची आणि लायब्ररीची, दोन्ही फेऱ्या कागदावर काढल्या. सरळ रेषेतली अंतरं धरली, तर सर्वांत आखूड फेरी स्वतःलाच छेदत नाही. जिथे फुली पडते तिथल्या दोन रेघा सोडवून उलट जोडल्या की लांबी घटतेच. दादाच्या पिशवीत तीन फुल्या निघाल्या, लायब्ररीच्या फेरीत एकही नाही. अर्थात फुली नाही म्हणून फेरी सर्वोत्तम, असंही नाही. ‘गाइडेड लोकल सर्च’, म्हणजे फेरीत छोटे बदल करत ती सुधारत नेणारा शोध, लावल्यावर आणखी ४०० मीटर वाचले. त्याला वेळेची मर्यादा मात्र द्याच, नाहीतर तो शोधतच बसतो. मी दहा सेकंद देतो.

सुरुवातीची फेरी बांधायच्या पर्यायांत ‘क्रिस्टोफिडीस’ दिसलं आणि मी हरखलो. १९७६ची ही पद्धत म्हणजे फेरी सर्वोत्तमाच्या दीडपटीपलीकडे जाणार नाही याची हमी. पण इथे त्या पद्धतीतली, ठिकाणांच्या जोड्या लावायची पायरी सैल केली आहे, त्यामुळे दीडपटीची हमी उरत नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. माहितीपत्रात हे सरळ लिहिलंय, म्हणून राग नाही. प्रतलात, म्हणजे सपाट पृष्ठावर सरळ रेषेतली अंतरं धरली तर, सर्वोत्तमाच्या हवं तितकं जवळ जाता येतं, हे संजीव अरोरा आणि जोसेफ मिचेल यांनी दाखवलं, संगणकशास्त्रातलं २०१०चं गोडेल पारितोषिक त्यासाठीच मिळालं. ती पद्धत या लायब्ररीत नाही, आणि ३८ डब्यांसाठी ती कुणी काढणारही नाही.

दादाने यादी वाचली आणि विचारलं, “सिंहगड रोडला काय नदीतून गाडी घालू?” सरळ रेषेला मुठा दिसत नाही, राजाराम पूलही दिसत नाही. मग रस्त्याची अंतरं भरली, वन-वेमुळे जायचं वेगळं, यायचं वेगळं. लायब्ररीने तेही निमूट घेतलं.

वहिनीचा प्रश्न एकच होता: शेवटचा डबा कधी पोचतो? सव्वाबाराला. आधी पाऊण व्हायचा.