ओलेसुंडमध्ये आठ तास: गावातच फिरायचं की सहलीच्या बसमध्ये बसायचं?

नॉर्वेची क्रूझ बुक झाली की काही दिवसांत जहाजाच्या सहलींची यादी येते आणि घरात चर्चासत्र सुरू होतं. सध्या ते माझ्या नणंदेकडे चालू आहे. तिचं जहाज जूनमध्ये ओलेसुंडला सकाळी आठला लागणार आणि दुपारी चारला सुटणार. सोबत सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे. दोन वर्षांपूर्वी आम्हीही सासूबाईंना घेऊन तिथे उतरलो होतो, म्हणून तिने विचारलं, "वहिनी, बस घेऊ की आपलं आपण फिरू?"

माझं उत्तर बंदरागणिक बदलतं. गायरांगर किंवा फ्लोमला गाव म्हणजे जेमतेम काही शे वस्ती, बघायचं ते सगळं डोंगरात. तिथे बस किंवा रेल्वे घ्यावीच. ओलेसुंडचं उलटं आहे. जहाज गावाच्या कुशीतच लागतं. गँगवे उतरून पाच-दहा मिनिटं चाललं की तुम्ही भर गावात. इथे बसमध्ये बसणं म्हणजे जे बघायला आलो त्यापासूनच पैसे देऊन लांब जाणं.

गावात बघायचं काय? तर एका आगीचं पुढे काय झालं ते. 23 जानेवारी 1904 च्या रात्री वादळी वाऱ्यात आग लागली आणि लाकडी घरांचं हे मासेमारीचं गाव सकाळपर्यंत जवळजवळ संपलं. सुमारे 850 घरं जळाली, दहा हजारांवर माणसं भर थंडीत उघड्यावर आली, आणि मृत्यू मात्र एकच. जर्मनीचा कैसर विल्हेल्म दर उन्हाळ्यात याच किनाऱ्यावर सुट्टीला यायचा. त्याने मदतीची जहाजं पाठवली. त्याच्या नावाचा रस्ता गावात आजही आहे. पुढच्या तीनेक वर्षांत अख्खं गाव विटा-दगडांत उभं राहिलं, तेही त्या काळी नव्या असलेल्या, फुलापानांच्या वळणदार नक्षीच्या युगेंडस्टील (म्हणजे आर्ट नूव्हो) शैलीत. एकाच वेळी, एकाच धाटणीत बांधलेलं गाव सहसा बघायला मिळत नाही. पिवळे, गुलाबी, फिकट हिरवे दर्शनी भाग, कोपऱ्यावर मनोरे, दारांवर दगडी फुलं नि चेहरे. हे बसच्या खिडकीतून दिसत नाही. मान वर करून, हळूहळू चालावं लागतं.

एका इमारतीपुरतं आत शिरायचं असेल तर जुन्या 'स्वान' औषधालयात शिरा, आता तिथे युगेंडस्टीलचं संग्रहालय आहे. कोरीव लाकडाच्या त्या दुकानात सासूबाई बराच वेळ उभ्या होत्या. त्यांच्या वडिलांचं औषधांचं दुकान होतं. "अगं, आमच्याकडेही असाच काउंटर होता, फक्त नक्षी नव्हती," एवढंच म्हणाल्या. सहलीच्या गाइडने एवढा वेळ दिला नसता.

गर्दी टाळायची तर कालव्यावरचा पूल ओलांडून पलीकडच्या किर्केगाता रस्त्याकडे वळा. घरं तशीच देखणी, माणसं कमी, आणि पुढे 1909 चं दगडी चर्च. उन्हाळ्यात खिडक्यांच्या कठड्यांवर किटीवेक जातीचे कुरव घरटी करतात. समुद्रातला कडा आणि चौथ्या मजल्याची खिडकी यांत त्यांना फरक वाटत नसावा. कलकलाट कानठळ्या बसवणारा, त्यामुळे रहिवासी वैतागलेले. आपण टोपी घालावी हे बरं.

आता मुख्य पेच: आक्स्ला टेकडी. पोस्टकार्डावर दिसणारं ओलेसुंड, म्हणजे पाण्यात मासे पकडायच्या गळासारखं पसरलेलं गाव आणि मागे बर्फाचे डोंगर, ते इथून दिसतं. बागेतून 418 पायऱ्या. पुणेकरांसाठी हिशोब सोपा आहे: चार पर्वती एकावर एक. पायऱ्या बऱ्या आहेत, कठडा आहे, मध्ये टेकायला जागा आहेत. पायथ्याशी गांगे-रोल्फचा पुतळा आहे. फ्रान्समधल्या नॉर्मंडी प्रांताचा पहिला सरदार, व्हायकिंग रोलो तो हाच, असं इथले लोक मानतात. हा पुतळा 1911 मध्ये फ्रान्समधल्या रुआँ शहराने भेट दिला. मी आणि नवरा थांबत थांबत पस्तीस मिनिटांत वर पोचलो.

सासूबाई रस्त्यावरच धावणाऱ्या छोट्या पर्यटक-गाडीने आल्या. खेळण्यातल्या आगगाडीसारखे डबे, आत कानाला लावायला माहितीची यंत्रं. त्या आमच्याआधी येऊन बसल्या होत्या आणि ताज्यातवान्या होत्या. नजारा दोघांनाही तोच. तेव्हा गुडघे कुरकुरत असतील तर संकोच न करता गाडी घ्या, फक्त उतरल्या उतरल्या पहिलं काम हेच करा. बंदरात दोन जहाजं असली की दहानंतर गाडीलाही रांग आणि पायऱ्यांवरही रांग. शिवाय इथलं ऊन बेभरवशाचं. सकाळी डोंगर दिसत असेल तर तेव्हाच चढावं, "जेवून जाऊ" म्हणू नये.

बेटांच्या सहलीला मी वाईट म्हणणार नाही. गिस्के बेटावर 12व्या शतकातलं पांढऱ्या संगमरवराचं छोटं चर्च आहे. गोदोय बेटाच्या टोकाला आल्नेसचं दीपगृह, पांढऱ्या लाकडी मनोऱ्यावर लाल पट्टे, पुढे सगळा अटलांटिक. वाटेतले बोगदे समुद्राच्या पातळीखाली 130 मीटरहून खोल जातात. सासऱ्यांना अशा बांधकामांचं वेड असेल तर त्यांच्यासाठी सहलीचे पैसे त्यातच वसूल. सरकारी बसही जाते, पण तिच्या भरवशावर जाऊ नका. सहल जहाजाची असेल आणि उशीर झाला तर जहाज थांबतं. तुम्ही आपले आपण गेलात तर ते थांबत नाही. शिवाय तीन-चार तास गेले की गावासाठी उरतो तो खरेदीचा तास.

गायरांगर तुमच्या मार्गावर असेल तर ओलेसुंडहून फिओर्डची (डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद फाट्याची) लांबची सहल घेऊ नका, तेच दृश्य दुसऱ्यांदा दिसेल. मत्स्यालय नातवंडं असतील तर. धो धो पाऊस असला तरी चालेल.

खाण्याचं: हे खारवलेल्या कॉडचं गाव. मासा चिरून, मीठ लावून वाळवायचा, पूर्वी तो उघड्या खडकांवर पसरायचे. माल पोर्तुगाल-ब्राझीलला जातो, त्यामुळे टोमॅटो-बटाट्यातल्या कालवणाचं नाव इथेही 'बाकालाओ'. गोव्याकडच्या कुणाला हा शब्द ऐकून घरचं वाटेल. वास मात्र आपल्या सुक्या बाजारापेक्षा फारच सभ्य. मासे न खाणाऱ्यांनी कॉफीबरोबर 'स्वेले' मागावं: घावनाच्या दुप्पट जाड, अर्ध्यात दुमडलेलं, आत लोणी-साखर किंवा तपकिरी चीज. त्या चीजची चव म्हणजे बासुंदी आटवताना पातेल्याच्या कडेला धरलेली खरवड. पिठात अंडं असतं हे मात्र आधी सांगते.

नणंदेला मी सांगितलं ते असं: यादीतलं काहीही बुक करू नकोस. आठला उतरा, सासू-सासऱ्यांना गाडीत बसवा, तुम्ही दोघं पायऱ्या चढा, अकरापर्यंत खाली या. पुढे औषधालय, पूल, किर्केगाता. अडीचला जहाजाकडे वळा. जूनमध्येही दुपारी 13-14 अंशच असतात, तेव्हा छत्रीपेक्षा टोपीचं जाकीट घ्या, वाऱ्यात छत्री उलटते. रोख क्रोनर काढायची गरज नाही, कॉफीपासून सगळीकडे कार्ड चालतं.

तिचा पुढचा प्रश्न आला, "आणि सासूबाई म्हणाल्या मलाही पायऱ्याच चढायच्या, तर?" तर मग गाडीचं तिकीट काढूच नका, आणि बरोब्बर आठलाच निघा.