बॉक्स, रीमॅप की आहे तशीच? गोव्यातल्या टर्बो सेडानवाल्यांसाठी

व्हर्टस जीटी, स्लाव्हिया १.५, व्हर्ना टर्बो, नाहीतर सेकंडहँड ऑक्टाव्हिया आरएस. ताकदवान सेडानची हौस असलेली आपल्याकडची माणसं बहुतेक याच चार नावांभोवती फिरतात. गाडी घेऊन वर्ष होत नाही तोच विषय निघतो: ट्यूनिंग करूया का, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवून घेऊया का? मग कुणीतरी मोबाइलवर डायनोचा, म्हणजे चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, कागद दाखवतो. आधी १५० पीएस (घोडे), नंतर १९०. म्हापशाहून रात्री गाडी काढायची, बेंगळुरूला किंवा पुण्याला काम करून घ्यायचं आणि ४० घोडे घेऊन परत यायचं, इतकं ते सोपं वाटतं.

माझं मत आधीच सांगतो. इंजिनाचा विचार सर्वात शेवटी करा. पहिला विचार गिअरबॉक्सचा, दुसरा मोजणीचा.

दोन रस्ते आहेत. पहिला ट्यूनिंग बॉक्स. हा बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, मोजणारा सेन्सर आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, यांच्या मध्ये बसतो आणि ईसीयूला चक्क थाप मारतो. टर्बोचा दाब प्रत्यक्षात जितका आहे त्याहून कमी आहे असं तो कळवतो, म्हणून ईसीयू दाब आणखी वाढवतो. इंधनाचा हिशेब धुरातला ऑक्सिजन मोजणारा लॅम्डा सेन्सर सावरून घेतो, इग्निशन टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) नॉक, म्हणजे पेट्रोलचं अवेळी पेटणं, ओळखणारा नॉक सेन्सर सांभाळतो. म्हणजे बॉक्स एकच गोष्ट बदलतो आणि बाकीची घडी बसवायचं काम कंपनीच्या सुरक्षा यंत्रणेवर सोडून देतो. याचा एक परिणाम फारसं कुणी बोलून दाखवत नाही: बॉक्स लावल्यावर ओबीडीवर (गाडीच्या निदान सॉकेटमधून) दिसणारा बूस्टचा आकडा खोटा असतो, कारण ईसीयूलाच खरा दाब माहीत नसतो. ज्या आकड्याकडे बघून निश्चिंत राहायचं, तोच आधी बिघडतो.

दुसरा रस्ता रीमॅपचा, म्हणजे स्टेज वन. इथे ईसीयूमधली फाइलच बदलतात: बूस्टचं लक्ष्य, टॉर्कच्या (फिरवण्याच्या जोराच्या) मर्यादा, टायमिंग, इंधन, सगळं एकमेकांशी जुळवून. काम चांगल्या हाताने झालं असेल तर गाडी कंपनीतूनच तशी आली असावी इतकी सहज चालते. बॉक्सच्या गाडीत अर्ध्या थ्रॉटलला जो किंचित धक्का जाणवतो, तो इथे नसतो. फाइल वाईट असेल तर मात्र बॉक्सपेक्षा जास्त नुकसान होतं, कारण इथे सुरक्षेच्या मर्यादाही त्याच माणसाने हलवलेल्या असतात.

स्टेज टू, म्हणजे डाउनपाइप आणि मोठा इंटरकूलर, हा रोज पणजीला कामावर जाणाऱ्याचा विषय नाही. इथे सोडून देतो.

वॉरंटीच्या बाबतीत बॉक्सची बाजू वरचढ वाटते. सर्व्हिसच्या आदल्या दिवशी बॉक्स काढून कपाटात ठेवता येतो. रीमॅपही काढता येतो, मूळ फाइल परत भरता येते, पण ईसीयू किती वेळा लिहिला गेला याची खूण बऱ्याच गाड्यांत मागे राहते. फोक्सवॅगन समूहाच्या डीलर यंत्रणेत अशा गाडीवर ‘टीडी१’ हा शेरा लागतो आणि मग इंजिन-गिअरबॉक्सचा क्लेम अडतो. बॉक्सवालाही पूर्ण सुटतो असं समजू नका. ईसीयूच्या नोंदींत हवा, इंधन आणि भार यांचं गणित जुळत नसेल, तर जाणकार तंत्रज्ञाला वास येतोच.

आता गिअरबॉक्स. व्हर्टस आणि स्लाव्हियाचं १.५ टीएसआय इंजिन १५० पीएस आणि २५० न्यूटन मीटर देतं. त्याला जोडलेला सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), म्हणजे डीक्यू२००, याची नेमून दिलेली क्षमताही २५० न्यूटन मीटरच आहे. कंपनीने तिथे जागाच ठेवलेली नाही. स्टेज वनच्या जाहिरातीत टॉर्क ३००च्या आसपास गेलेला दिसतो तेव्हा ती वाढ थेट त्या दोन कोरड्या क्लचवर येते. त्यात पर्वरीच्या कोंडीत चढावर इंचाइंचाने सरकणं रोजचं असेल तर क्लच आधीच तापलेला असतो.

यातून एक शहाणी वाट निघते. ताकद म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम. पीएस काढायचा तर न्यूटन मीटरला आरपीएमने गुणून सुमारे ७,०२४ ने भागायचं. कंपनीची गाडी १६०० ते ३५०० आरपीएमपर्यंत २५० न्यूटन मीटर देते आणि मग टॉर्क उतरत जातो. ५००० ला १५० पीएस म्हणजे तिथे टॉर्क जेमतेम २१० उरलेला असतो. तोच २५० टॉर्क ५००० पर्यंत टिकवला तर कागदावर १७८ पीएस होतात, आणि गिअरबॉक्सची मर्यादा एका न्यूटन मीटरनेही ओलांडली जात नाही. म्हणून ट्यूनरला सांगायचं: मधला टॉर्क वाढवू नको, वरचा टिकव. खालून ढकलल्यासारखा झटका मिळणार नाही, मित्राला शेजारी बसवून दाखवण्यात मजा कमी येईल. पण गाडी चोर्ला घाटात ओव्हरटेक करताना जिथे दम सोडते, नेमकी तिथे ती सुधारेल. बॉक्सला हे बारीक काम नीट जमत नाही, म्हणून डीएसजीच्या १.५ ला मी बॉक्स लावणार नाही.

ऑक्टाव्हिया आरएसची गोष्ट निराळी. २०१७ची आरएस २३० ही ३५० न्यूटन मीटरची, सहा गिअरच्या वेट क्लच डीएसजीची, म्हणजे डीक्यू२५०ची. २०२० मध्ये फक्त २०० गाड्या आल्या त्या आरएस २४५ मध्ये ३७० न्यूटन मीटर आणि सात गिअरचा डीक्यू३८१, ज्याची क्षमता ४२० आहे. म्हणजे २४५ला थोडी मोकळी जागा आहे आणि दोन लिटरचं इंजिनही तगडं आहे. २३०च्या डीक्यू२५०ची नेमून दिलेली क्षमता ३५० च्या घरातली, तरी तेलात बुडालेला क्लच उष्णता बरी सोसतो. तेल वेळेवर बदललेलं असलं पाहिजे, एवढीच अट. रीमॅपसाठी या यादीत सर्वात योग्य गाडी आरएसच. फक्त एक लक्षात घ्या: सगळी ताकद पुढच्या दोन चाकांवर. जूनमध्ये पहिल्या पावसाने रस्त्यावर लाल चिखल आला की ४०० न्यूटन मीटरचा उपयोग ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा लुकलुकताना बघण्यापुरता. टायर झिजलेले असतील तर आधी टायर.

व्हर्ना टर्बो १६० पीएस, २५३ न्यूटन मीटर. डीसीटी (हाही दोन क्लचचा ऑटोमॅटिक) घेतली असेल तर तिचाही क्लच कोरडाच, म्हणून १.५ डीएसजीचंच लागू. मॅन्युअलवाल्याला क्लच बदलणं तुलनेने स्वस्त पडतं, तो जरा धीट होऊ शकतो.

मोजणीचा घोळ

डायनोच्या कागदावरचा आकडा हा मोजलेला कमी आणि हिशेबाने काढलेला जास्त असतो. रोलरवर मोजली जाते ती चाकांची ताकद. १५० पीएसची गाडी चाकांवर साधारण १३० दाखवेल. पुढे दोन पायऱ्या येतात आणि खेळ तिथे होतो.

पहिली पायरी हवेच्या दुरुस्तीची. एसएई जे१३४९ या मानकात २५ अंश तापमान आणि ९९ किलोपास्कल कोरडी हवा धरून आकडा सुधारला जातो. पणजीत मे महिन्यात, ३२ अंश आणि दमट हवेत, ही दुरुस्ती सुमारे ३ टक्के येते. पुण्यात, ५६० मीटर उंचीवर, ८ टक्क्यांच्या आसपास. बेंगळुरू ९२० मीटरवर, तिथे १२-१३ टक्के. हे गणित टर्बो नसलेल्या इंजिनासाठी रास्त आहे. विरळ हवेत त्याची ताकद खरोखर तितकी पडते. टर्बो मात्र ठरलेला दाब गाठण्यासाठी जास्त वेगाने फिरतो आणि बरीचशी तूट भरून काढतो. जी तूट आलीच नाही तिची भरपाई कागदावर मिळते.

दुसरी पायरी चाकांवरून इंजिनाची ताकद काढण्याची. गिअरबॉक्स आणि टायरमध्ये १५ टक्के जातात असं धरा किंवा २० टक्के. बऱ्याच ठिकाणी हा आकडा ऑपरेटर हाताने टाकतो.

आता बेरीज बघा. बेंगळुरूत चाकांवर १३० मोजले. १३ टक्के दुरुस्ती, झाले १४७. वीस टक्के नुकसान धरलं, झाले १८४. गाडीला कुणी हातही लावलेला नाही, आणि ३४ घोडे तबेल्यात आले.

याला उपाय एकच. आधीची आणि नंतरची मोजणी त्याच डायनोवर, त्याच दिवशी, त्याच गिअरमध्ये, टायरमध्ये तेवढीच हवा, पट्टे तेवढेच आवळलेले, समोरचा पंखा तोच. आणि कागद मागायचा तो दुरुस्ती न केलेल्या चाकांच्या आकड्यांचा. नुसता ‘नंतर’चा कागद देणाऱ्याकडे जाऊ नका. एकच रन (मोजणीची फेरी) नको, लागोपाठ तीन मागा: तिसऱ्या रनला ताकद किती पडते यावरून तापलेल्या गाडीचं खरं रूप कळतं, आणि गोव्यात गाडी बहुतेक वेळ तापलेलीच असते. चारही चाकांना ताकद देणारी बीएमडब्ल्यू एम३४०आय असेल तर दोन चाकांच्या रोलरवर चढवायचीच नाही. खरं तर ३७०च्या वर पीएस असलेल्या त्या गाडीला गोव्यातल्या रस्त्यांवर आणखी ताकद कशाला हवी, हे मला कळलेलं नाही.

डायनो परवडत नसेल तर जीपीएसवरून वेग आणि वेळ मोजणारा जीपीएस बॉक्स. दहा हर्ट्झ (सेकंदाला दहा नोंदी) किंवा त्याहून वेगवान घ्या, फोनचा जीपीएस पुरत नाही. शून्य ते शंभर मोजू नका. त्यात ताकदीपेक्षा टायरची पकड आणि क्लच मोजला जातो. तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ८० मोजा. माणसांसकट १४०० किलोची गाडी तेवढ्यात सुमारे २५९ किलोज्यूल ऊर्जा घेते. समजा ३.६ सेकंद लागले, तर सरासरी ७२ किलोवॅट म्हणजे ९८ पीएस; ३.२ सेकंद लागले तर ८१ किलोवॅट म्हणजे ११० पीएस. वाऱ्याचा विरोध यात धरलेला नाही, पण दोन्ही वेळी तो सारखाच असल्याने फरक खरा येतो. ०.१ सेकंदाची चूक मात्र जवळपास ३ पीएस खाते, आणि एक टक्का चढही तेवढेच. म्हणून दोन्ही दिशांनी मोजून सरासरी घ्यायची. जागा रिकामी, सपाट आणि ८०ची परवानगी असलेली हवी. मांडवीवरचा अटल सेतू किंवा झुआरीचा पूल यासाठी नाही, तिथे चढ-उतार असल्यामुळे आकडाही चुकेल आणि चलनही येईल.

ओबीडीवरून पीएस दाखवणारी अ‍ॅप्स या कामाला नालायक. ईसीयूचा टॉर्क हा त्याचा स्वतःचा अंदाज असतो, आणि रीमॅपमध्ये तोच अंदाज बदललेला असतो. नॉकमुळे टायमिंग किती मागे घेतलं जातंय आणि आत जाणाऱ्या हवेचं तापमान किती, एवढ्यासाठी ती जरूर वापरा.

कोणतं पेट्रोल भरायचं हा प्रश्न याच नोंदींतून सुटतो. ट्यूनरने फाइल ९५ ऑक्टेनसाठी लिहिली की १००साठी, हे लेखी घ्या. १००ची फाइल घेतली आणि सावंतवाडीच्या वाटेवर मिळेल ते भरावं लागलं, तर विकत घेतलेली ताकद नॉक सेन्सर काढून घेतो.

कायदा थोडक्यात: मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या तपशीलापासून गाडी बदलणं चालत नाही, आणि कलम १८२अ खाली मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. रीमॅप नाक्यावर दिसत नाही हे खरं. अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्व्हेअरला तो दिसू शकतो, आणि खरी रक्कम तिथे अडकते.

तेव्हा वॉरंटीतली १.५ डीएसजी असेल तर आहे तशीच चालवा. वॉरंटी संपलेली असेल तर टॉर्क २५०वर बांधलेला रीमॅप. आरएस असेल तर आधी गिअरबॉक्सचं तेल आणि टायर, मग स्टेज वन. बॉक्स मी फक्त एकाला सुचवेन: ज्याला दोन वर्षांत गाडी विकायची आहे आणि ती मॅन्युअल आहे. ॲडव्हान्स देण्याआधी ट्यूनरकडे दोन गोष्टी मागा: तुमच्या गाडीतून वाचलेली मूळ फाइल पेनड्राइव्हवर, आणि काम सुरू करण्यापूर्वीचे, दुरुस्ती न केलेले तीन रन.